वावरातलं सोनं काढायचं असेल तर

सोयाबीनला भाव नाही, कपाशी बोंडअळीनं खाल्ली. वरून जे येत नाही ते खालून काढायचं ठरवलंत, हे फार चांगलं केलंत. मेटल डिटेक्टर घरी आला की बायकोला सांगा, बोअरचं पाणी बघायची मशीन आहे. तिला पटणार नाही, पण तुमची कोणती खरेदी तिला पटली आहे?

कापूस वेचून संपला, उलंगवाडी झाली, पऱ्हाट्या उपटल्या की कामाला लागा. जागेची चिंता नको. आपल्याकडे विदर्भात ठिकठिकाणी रीठ आहे, म्हणजे कधीकाळी उठून गेलेलं गाव. काळ्या वावरात मधेच पांढुरकी माती नि खापरं दिसली की समजा पांढरी आहे, म्हणजे जुन्या वस्तीची जागा. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी तिथं राख टाकली, मातीच्या भिंती उभ्या केल्या नि पाडल्या. पुरातत्त्ववालेही हीच खूण बघत येतात, फक्त ते परवानगी, कुंचला आणि वही घेऊन येतात. एवढा वेळ आपल्याला कुठला?

रात्री मात्र जाऊ नका. टॉर्च आणि खड्डा एकत्र दिसला की गाव गुप्तधन म्हणतं. सकाळी पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेला, माणूस सुचवणारे दारात हजर, त्यांच्या मागं मांत्रिक. गुप्तधनासाठी अघोरी प्रकार केले तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात सहा महिने ते सात वर्षांची सोय आहे.

आता मशीन. सर्वांत आधी लोखंड वगळायचं बटण दाबा. नाहीतर दिवसभर बैलाच्या नाला, वखराची पास, बैल हाकायच्या तुतारीची आर, बंडीच्या चाकाची धाव एवढंच निघेल. खरं तर आपल्याकडची अडीच हजार वर्षांपूर्वीची माणसं मोठाल्या दगडांची वर्तुळं रचून मेलेल्यांसोबत लोखंडी कुऱ्हाडी, छिन्न्या, घोड्यांचे लगाम पुरत होती. नागपूरजवळ जुनापाणीला, माहुरझरीला ती वर्तुळं आहेत. नैकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच सापडली. म्हणजे विदर्भाची सगळ्यात जुनी श्रीमंती गंजलेली आहे. पण पिवळी नाही ना? मग दाबा बटण. चुकून एखादी कुऱ्हाड वर आलीच तर भंगारवाला किलोवर घेतो आणि कोणत्या काळातली म्हणून विचारत नाही.

लोखंड वगळल्यावर उरतं ते देशीच्या बाटल्यांची बुचं, फवारणीच्या डब्यांची सीलं आणि गुटख्याच्या पुड्या. आपली काळी माती बेसाल्ट झिजून झालेली, लोहखनिज भरलेली. मशीन उगाचही केकाटते. उन्हाळ्यात या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, वरचं सामान आत उतरतं. तेव्हा हातभर खोल लागलेली वस्तू जुनीच असेल असं नाही, गेल्या निवडणुकीतलीही असू शकते. धुऱ्यावरून कुणी "काय शोधून राहिले भाऊ?" म्हणालं, तर ट्रॅक्टरचा नट पडला म्हणा.

नाणं लागलंच तर कुठं, किती खोल, शेजारी काय होतं, यातलं काहीही लिहू नका. चिंच लावून घासा. अक्षरं गेली तर जाऊ द्या, चकाकी आली पाहिजे. वाशीम जिल्ह्यातल्या तऱ्हाळ्याला १९३९ मध्ये सातवाहनांची दीड हजारांवर नाणी एकत्र निघाली. ती तशीच अभ्यासकांपुढं गेली, म्हणून पुराणांच्या यादीत नसलेल्या राजांची नावं कळली. त्या राजांचं नशीब, तिथं आधी तुम्ही पोचला नाहीत.

कायद्याचं म्हणाल तर १८७८ चा निखात निधी कायदा अजून चालू आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही जमिनीत सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद, वर हिस्साही जातो. कळवलं आणि चौकशीत त्या धनाचा कुणी मालक निघाला नाही, तर शोधणाऱ्याला पाऊण वाटा. सरकारनं माल स्वतःकडे ठेवला तर किमतीवर आणखी पाचवा हिस्सा. सरकार स्वतःहून एवढं देतं म्हणजे नक्की काहीतरी घोळ असणार, असं म्हणून आपल्यातले शहाणे तिकडे फिरकत नाहीत.

उरलेला पाव वाटा जमीनमालकाचा. वावर आपलंच असं तुम्ही म्हणाल, पण सातबारावर अजून आजोबाच आहेत. फेरफार झाला नाही, काकांची पोरं पुण्यात, आणि दोन्ही आत्यांनी हक्कसोड लिहून दिलेलं नाही. सोन्याची मोहोर लागायच्या आधीच आत्यांना फोन करून ख्यालीखुशाली विचारून ठेवा. नंतर केलात तर त्या आधी मशीन कितीला पडली ते विचारतील.