इंजिने काढून नेली तर?

ताऱ्याभोवती फिरणाऱ्या, परग्रहवासीयांनी बांधलेल्या कड्याच्या आकाराच्या कल्पित जगाविषयीचा लेख वाचला. ‘परग्रहवासीयांनी मागे ठेवलेली दुरुस्तीयंत्रे आपोआप चालत असल्याने असे कृत्रिम जग लाखो वर्षे टिकेल’ हे लेखातील विधान मला पटले नाही. मधल्या गोलाभोवती फिरणारे एकसारख्या जाडीचे अखंड कडे मुळातच अस्थिर असते, हे भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेल यांनी शनीच्या कड्यांचा विचार करताना १८५९ मध्येच दाखवले होते. विज्ञानकथालेखक लॅरी निव्हन यांच्या १९७० च्या, अशाच कड्यावरच्या ‘रिंगवर्ल्ड’ कादंबरीत हाच दोष राहिला आणि वाचकांनी तो दाखवून दिल्यावर १९८० च्या पुढील कादंबरीत त्यांनी कड्याच्या काठावर ते जागेवर ठेवणारी इंजिने बसवली. मात्र त्यातली बहुतेक इंजिने तिथल्याच रहिवाशांनी काढून आपल्या यानांना लावलेली असतात. लेखात नेमके हेच सुटले आहे.

सोलापुरात यंत्रमागाच्या कारखान्यात काम करताना मी हे जवळून पाहिले आहे. धागा तुटला की माग आपोआप थांबतो, एवढे शहाणपण यंत्रात असते. पण एखादा माग महिनाभर बंद राहिला, की जॉबर (मागांची दुरुस्ती करणारा कारागीर) आज त्याचा धोटा, उद्या दातेरी चाक काढून शेजारच्या मागाला लावतो, आणि वर्षभरात तिथे नुसता सांगाडा उरतो.