‘सार्जंट पेपर’ सिनेमाची गाणी सरसकट टाकाऊ? अजिबात नाही

एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. त्याचा आशय असा: १९७८च्या ‘सार्जंट पेपर्स लोन्ली हार्ट्स क्लब बँड’ या सिनेमाच्या गाण्यांचा, म्हणजे इतरांनी गायलेल्या बीटल्सच्या गाण्यांचा, अल्बम हा रॉकच्या इतिहासातला सगळ्यात वाईट अल्बम. प्लॅटिनम (दहा लाख प्रतींचा शिक्का) होऊन दुकानांतून परत आलेला पहिलाच. त्याने बी जीज हा गिब बंधूंचा बँड आणि गिटारवादक-गायक पीटर फ्रॅम्प्टन यांची कारकीर्द संपवली. बीटल्सचा असा अपमान दुसऱ्या कुणी केला नाही. आणि त्यात ऐकण्याजोगं एकही गाणं नाही.

पुढे पाठवणाऱ्या बहुतेकांनी हा अल्बम ऐकलेला नसतो. मी तो पुष्कळदा ऐकला आहे आणि यातला शेवटचा आरोप मला मनापासून खटकतो. पण क्रमाने जाऊ.

आधी सिनेमाबद्दल, कारण सगळा गोंधळ तिथून सुरू होतो. निर्माता रॉबर्ट स्टिगवूड, दिग्दर्शक मायकल शुल्ट्झ. हार्टलँड नावाचं गाव, तिथल्या बँडची चोरीला गेलेली जादूची वाद्यं, आणि ती परत मिळवायला निघालेला बिली शिअर्स म्हणजे फ्रॅम्प्टन. सोबतीला हेंडरसन बंधू म्हणून बी जीज. संवाद जवळजवळ नाहीतच. म्हातारा जॉर्ज बर्न्स गोष्ट सांगतो, बाकीचे गातात आणि हातवारे करतात. भडक कपडे, पुठ्ठ्याची वाटावी अशी गावं, यंत्रमानव. हा सिनेमा फसलेलाच आहे, त्याची वकिली मी करणार नाही. पण पडद्यावर जे दिसतं त्याचा राग कानांवर काढणं बरोबर नाही. पडदा बाजूला ठेवून नुसती गाणी ऐकली तर हिशेब बराच वेगळा लागतो.

आता ‘प्लॅटिनम होऊन परत आला’ हा मुद्दा. लाखो प्रती परत आल्या हे खरं. पण त्याचा अर्थ काय? अमेरिकेत तेव्हा प्लॅटिनमचा शिक्का कंपनीने दुकानांकडे पाठवलेल्या मालावर मिळायचा आणि न खपलेला माल दुकानदार परत करू शकायचा. स्टिगवूडच्या आरएसओ कंपनीने नुकतंच ‘सॅटरडे नाइट फीव्हर’ आणि ‘ग्रीस’ या दोन सिनेमांच्या अल्बमांचं अफाट यश पाहिलं होतं. त्याच हिशेबाने या दोन तबकड्यांच्या महागड्या संचाचेही ढीगच्या ढीग दुकानांत ओतले गेले. मागणीपेक्षा कितीतरी जास्त माल पाठवला की तो परत येणारच. ही चूक गोदामाची आणि कंपनीच्या हावेची आहे, गाणाऱ्यांची नाही. आणि हाच अल्बम बिलबोर्ड या अमेरिकी नियतकालिकाच्या खपाच्या यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत चढला होता, हे त्या मजकुरात कधीच नसतं.

कारकीर्द संपल्याची गोष्ट तर तारखांसमोर टिकतच नाही. सिनेमा आला जुलै १९७८मध्ये. जानेवारी १९७९मध्ये बी जीजचं ‘टू मच हेवन’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं. त्यामागोमाग ‘ट्रॅजेडी’, मग ‘लव्ह यू इनसाइड आउट’. तिन्ही पहिल्या क्रमांकावर, आणि ज्या ‘स्पिरिट्स हॅविंग फ्लोन’ अल्बममध्ये ती होती तो अल्बमही पहिला. त्यांच्यावर खरा घाला आला तो नंतर, डिस्को या नाचाच्या संगीताविरुद्धच्या लाटेत. १२ जुलै १९७९ला शिकागोच्या कोमिस्की पार्कमध्ये बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मधल्या वेळेत डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडवला गेला. त्या काळात बी जीज म्हणजेच डिस्को असं समीकरण झालं होतं, त्याची किंमत त्यांनी मोजली. तरीही १९८०मध्ये गायिका बार्ब्रा स्ट्रायसँडचा ‘गिल्टी’ अल्बम बी जीजच्या बॅरी गिबने घडवला आणि तोही पहिल्या क्रमांकावर गेला.

फ्रॅम्प्टनचं नुकसान झालं, ते मान्य. पण त्याची घसरण आधीच सुरू झाली होती. १९७६च्या ‘फ्रॅम्प्टन कम्स अलाइव्ह’नंतर एका चांगल्या गिटारवादकाचं रूपांतर उघड्या छातीच्या पोस्टरमध्ये झालं होतं. त्यात सिनेमा यायच्या महिनाभर आधी, जून १९७८मध्ये, बहामाजमध्ये त्याचा मोटारीचा मोठा अपघात झाला. एवढं सगळं एका अल्बमच्या माथी मारणं अन्यायाचं आहे.

‘बीटल्सचा अपमान’ हा आरोप भावनेचा आहे, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं. दुसऱ्याचं गाणं आपल्या पद्धतीने गाणं हा अपमान असेल, तर पहिले आरोपी खुद्द बीटल्स. त्यांच्या पहिल्या अल्बममधल्या १४ गाण्यांपैकी ६ दुसऱ्यांची होती. ‘ट्विस्ट अँड शाउट’ आज आपण त्यांचंच समजतो, पण ते आयस्ली ब्रदर्सनी आधी गाजवलं होतं. बीटल्सचा मूळ ‘सार्जंट पेपर’ अल्बम १९६७मध्ये बाजारात आल्यावर काही दिवसांतच गिटारवादक जिमी हेंड्रिक्सने लंडनच्या सॅव्हिल थिएटरमध्ये त्याच्या शीर्षकगीतानेच कार्यक्रम सुरू केला. श्रोत्यांत बीटल्सचे पॉल मॅकार्टनी आणि जॉर्ज हॅरिसन बसले होते. मॅकार्टनी आजही ती आठवण अभिमानाने सांगतो. त्याच अल्बममधलं ‘विथ अ लिटल हेल्प फ्रॉम माय फ्रेंड्स’ १९६८मध्ये जो कॉकरने असं काही गायलं की कित्येकांच्या कानात मूळ चालीऐवजी तीच बसली आहे. आपल्याकडे एकच नाट्यपद पिढ्यानपिढ्या वेगवेगळ्या गळ्यांतून ऐकलेल्यांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

शिवाय या ‘अपमाना’मागे माणसं कोण होती, तेही पाहावं. संगीताची सूत्रं जॉर्ज मार्टिनकडे होती, म्हणजे बीटल्सच्या बहुतेक सगळ्या तबकड्यांच्या निर्मात्याकडे. ध्वनिमुद्रणाला जेफ एमरिक होता, ज्याने ‘रिव्हॉल्व्हर’ आणि मूळ ‘सार्जंट पेपर’ मुद्रित केले. ‘गेट बॅक’ गायलं बिली प्रेस्टनने. १९६९च्या मूळ ‘गेट बॅक’वरचं इलेक्ट्रिक पियानो वादन त्याचंच, आणि त्या तबकडीवर बीटल्सच्या जोडीने त्याचं नाव छापलं होतं. घरचीच माणसं होती ही.

आणि इथेच या अल्बमचं खरं दुखणं सापडतं, ते आरोपाच्या बरोबर उलटं आहे. इथली पडलेली गाणी बीटल्सना हात लावला म्हणून पडलेली नाहीत, हात लावायला घाबरली म्हणून पडली आहेत. ‘अ डे इन द लाइफ’ घ्या. १९६७मध्ये मार्टिनने ४० वादकांना सगळ्यात खालच्या स्वरापासून सगळ्यात वरच्या स्वरापर्यंत आपापल्या गतीने चढायला सांगितलं होतं. तो कल्लोळ पहिल्यांदा ऐकताना जमीन सरकल्यासारखं होतं. इथे बॅरी गिब सुंदर गातो, पण गाणं त्याच जुन्या वळणाने जातं, आणि आता पुढे काय येणार हे आपल्याला ठाऊक असतं. ‘गेटिंग बेटर’, ‘नोव्हेअर मॅन’, ‘गोल्डन स्लंबर्स’ यांचंही तेच. स्वच्छ, नेटकं, बिनचूक, आणि नक्कल. ‘शीज लीव्हिंग होम’मध्ये यंत्रमानवांचे आवाज घातले तो तर शुद्ध अविचार होता. घर सोडून गेलेल्या मुलीच्या आईबापांचं दुःख त्या गाण्यात आहे, ते तिथे पार चिरडलं जातं.

आता ‘एकही गाणं नाही’ याकडे येतो. अर्थ, विंड अँड फायर या अमेरिकी बँडचं ‘गॉट टू गेट यू इंटू माय लाइफ’ लावा. मॅकार्टनीने १९६६मध्ये ते मोटाउन या अमेरिकी कंपनीच्या संगीताच्या प्रभावाखाली लिहिलं. तीन ट्रम्पेट, दोन सॅक्सोफोन आणि सरळ, पाय आपटत जाणारा ठेका. म्हणजे गाण्याचं मूळ काळ्या अमेरिकी संगीतातलं, आणि ते लिव्हरपूलच्या गोऱ्या पोराने उसनं घेतलेलं. अर्थ, विंड अँड फायरच्या मॉरिस व्हाइटने ते परत आपल्या घरी नेलं. ठेक्याची सरळ चाल मोडून तिला फंक या लयप्रधान शैलीचा झोल दिला. ब्रास (ट्रम्पेटसारखी वाद्यं) सलग वाजत राहत नाही. ओळ संपली की मधल्या फटीत छोटा, धारदार तुकडा टाकतो आणि लगेच बाजूला होतो. वरून व्हाइटचा आवाज कधी शब्दांत, कधी नुसत्या स्वरांत खेळत राहतो. या मांडणीसाठी त्याला ग्रॅमी हा अमेरिकी संगीत पुरस्कार मिळाला. गाणं अमेरिकेत नवव्या क्रमांकावर आणि कृष्णवर्णीय संगीताच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. त्याच वर्षी बँडने आपल्या निवडक गाण्यांचा अल्बम काढला तेव्हा ‘सप्टेंबर’च्या सोबत हेही त्यात घेतलं. लाजिरवाणं गाणं कुणी असं मिरवत नाही.

या गाण्याचा निर्माता मार्टिन नव्हता, व्हाइट स्वतः होता. मला ही गोष्ट फार बोलकी वाटते.

एरोस्मिथ या रॉक बँडचं ‘कम टुगेदर’ मांडणीत मूळ गाण्याजवळच राहतं, पण गाणारे आणि वाजवणारे आपला स्वभाव सोडत नाहीत. बीटल्सचा जॉन लेनन जिथे कुजबुजतो तिथे एरोस्मिथचा गायक स्टीव्हन टायलर दात-ओठ खातो, आणि मूळ गाण्यात बेसवर तोललेली धून गिटारच्या खरखरीवर येते. ते २३व्या क्रमांकापर्यंत गेलं आणि एरोस्मिथच्या १९८०च्या निवडक गाण्यांच्या अल्बममध्ये कायमचं बसलं. तो अल्बम एकट्या अमेरिकेत एक कोटीहून जास्त गेला.

बी जीजच्या रॉबिन गिबचं ‘ओ डार्लिंग’ मला सगळ्यात जवळचं. मॅकार्टनीने मूळ गाणं गळा फाडून गायलं. आवाजाला हवा तसा खरखरीतपणा यावा म्हणून तो रोज स्टुडिओत लवकर येऊन एकदाच गात असे. रॉबिन त्या वाटेला जातच नाही. त्याचा आवाज मुळातच कापरा. ‘मला सोडून जाऊ नकोस’ हे तो ओरडून सांगत नाही, विनवतो, आणि मागून भावांचे आवाज हळूच आधाराला येतात. याच ओळीत मॅकार्टनीचा माणूस भांडतो, रॉबिनचा आधीच हरलेला आहे. हे गाणं अमेरिकेत १५व्या क्रमांकावर गेलं.

बिली प्रेस्टनचं ‘गेट बॅक’ विकलं गेलं नाही, ८६व्या क्रमांकावरच अडकलं. तरी त्यातलं त्याचं चर्चमध्ये मुरलेलं गाणं ऐकाच. रॉक गायक अॅलिस कूपरचं ‘बिकॉज’ विचित्र आहे आणि सगळ्यांना रुचणार नाही. मला ते आवडतं, कारण त्या नितळ सुरावटीखाली दडलेली भीती त्याने नेमकी बाहेर काढली आहे.

दोन तबकड्यांतून चार-पाच गाणी उरतात, त्यातली तीन गाजलेली आणि एक ग्रॅमीविजेतं. ‘इतिहासातला सगळ्यात वाईट अल्बम’ याहून बराच रिकामा असायला हवा. पुढच्या वेळी तो मजकूर आला तर आधी मॉरिस व्हाइट, मग रॉबिन, मग एरोस्मिथ, या क्रमाने ऐका. जॉर्ज बर्न्सने गायलेलं ‘फिक्सिंग अ होल’ खुशाल वगळा.