बीपी 120/80 म्हणजे कोलेस्टेरॉलही ठीक?

‘बीपी 120/80 असेल तर रक्तात चरबी नाहीच. चरबी वाढली की रक्त घट्ट होतं आणि बीपी चढतं. बीपीच्या गोळीने चरबीही उतरते. धडधाकट पुरुषाने पन्नाशीआधी लिपिड प्रोफाइलवर (रक्तातल्या चरबीच्या तपासणीवर) पैसे घालवू नयेत.’ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा हा मजकूर पटतो, कारण त्यात खऱ्याचा थोडा अंश आहे.

आधी घट्ट रक्ताचं. रक्ताचा दाटपणा मुख्यतः तांबड्या पेशींच्या प्रमाणावर ठरतो. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली एक चरबी, हजाराच्या पुढे गेलं की सीरम (रक्त गोठल्यावर उरणारं द्रव) दुधाळ दिसतं खरं, पण तेव्हा डॉक्टरांना धास्ती असते ती स्वादुपिंडाच्या सुजेची.

पहिलं वाक्य जास्त घातक. हृदय किती रक्त ढकलतं, बारीक धमन्या किती आवळल्यात, मूत्रपिंडं मीठ-पाणी किती राखतात, यावर बीपी ठरतं. एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, बरंचसं ठरतं ते यकृत त्याला रक्तातून किती झपाट्याने उचलतं यावर. हे कोडं उलगडणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टीन या शास्त्रज्ञांना 1985 चं नोबेल मिळालं. काहींच्या यकृताची ही उचल जन्मतःच कमी असते. त्यांचं एलडीएल 190 च्या वर आणि बीपी मात्र वर्षानुवर्षं नॉर्मल, असं सहज घडतं.

मग संबंध काहीच नाही का? आहे. अमेरिकेतल्या ‘फिजिशियन्स हेल्थ स्टडी’ या डॉक्टरांवरच्या अभ्यासातल्या, बीपीचा त्रास नसलेल्या 3110 पुरुषांचा सुमारे 14 वर्षं मागोवा घेतला गेला. निष्कर्ष 2006 साली आले. कोलेस्टेरॉलनुसार पाच गट पाडले, तर सर्वांत वरच्या गटात पुढे उच्च रक्तदाब जडण्याची शक्यता तळच्या गटापेक्षा 23 टक्के जास्त होती. एचडीएल, म्हणजे ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल, भरपूर असलेल्यांत ती 32 टक्के कमी. गंमत बघा: बीपी नॉर्मल आणि कोलेस्टेरॉल वाढलेलं, अशी माणसं या मजकुराच्या हिशेबी नसतातच, अभ्यासात त्यांचा अख्खा गट होता! कोलेस्टेरॉलमुळे धमनीचं अस्तर बिघडून ती नीट सैलावत नाही, हे एक संभाव्य कारण. सुटलेलं पोट दोन्ही आकडे वाढवतं, हे दुसरं.

गोळीचं म्हणाल तर अम्लोडिपिन या बीपीच्या गोळीने चरबीत विशेष फरक पडत नाही. अटेनोलॉल या दुसऱ्या गोळीने ट्रायग्लिसराइड उलट थोडं वाढू शकतं. (पण तेवढ्यासाठी चालू गोळी आपल्या मनाने बंद करू नका.)

आणि पन्नाशीची वाट? कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांत पहिलं लिपिड प्रोफाइल 18 व्या वर्षी करायला सांगितलंय. घरात कुणाला लवकर हार्ट अटॅक आला असेल तर त्याहूनही आधी.