सुई टोचून पक्षाघात थांबत नाही, उपचाराची वेळ मात्र निघून जाते

पक्षाघाताच्या झटक्यावर ‘खात्रीचा उपाय’ सांगणारा एक संदेश बरीच वर्षं फिरतो आहे. त्याचा सारांश असा: रुग्णाला जागेवरून हलवू नका, हलवलं तर मेंदूतल्या केशवाहिन्या फुटतील. सुई तापवून दहाही बोटांच्या टोकांना टोचा आणि प्रत्येकातून थेंबभर रक्त काढा. तोंड वाकडं झालं असेल तर कान लाल होईपर्यंत ओढा आणि पाळ्यांनाही टोचा. रुग्ण पूर्ववत झाला की मगच दवाखान्यात न्या.

‘हलवू नका’ हा यातला सर्वांत घातक सल्ला, म्हणून सुरुवात त्याच्यापासून. पक्षाघाताच्या दहापैकी साधारण आठ रुग्णांमध्ये काहीच फुटलेलं नसतं. मेंदूकडे जाणाऱ्या धमनीत रक्ताची गुठळी अडकलेली असते आणि ती धमनी रस्त्यातल्या धक्क्यांनी फुटत नाही. उरलेल्यांच्या मेंदूत रक्तस्राव होतो, बहुतेकदा उच्च रक्तदाबाने कमकुवत झालेली एखादी लहान धमनी फुटून. पण ती झटक्याच्या वेळीच फुटलेली असते. साचलेलं रक्त पहिल्या काही तासांत वाढू शकतं. ते रोखायला रक्तदाब हळूहळू खाली आणावा लागतो आणि रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर त्यांचा परिणाम उतरवावा लागतो. घरी थांबून यातलं काहीच होत नाही.

आता दहा थेंब. ते सगळे मिळून जेमतेम अर्धा मिलिलिटर भरतात, आणि मेंदूला दर मिनिटाला सुमारे 700 मिलिलिटर रक्त लागतं. बोटातून रक्त काढल्याने मेंदूच्या धमनीतली गुठळी सरकत नाही. ‘रक्त काढलं की दाब उतरतो’ असंही सांगतात. एवढ्याशा रक्ताने दाब उतरत नाही, उलट टोचण्याच्या वेदनेने वाढू शकतो. आणि गुठळीच्या पक्षाघातात दाब झपकन उतरवणं हेच मुळात धोक्याचं. गुठळीच्या पलीकडचा मेंदूचा काही भाग मेलेला नसतो, आजूबाजूच्या बारीक वाहिन्यांतून मिळणाऱ्या तुटपुंज्या रक्तावर तो तग धरून असतो. दाब कोसळला तर तोही जातो. म्हणूनच गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं नसेल, तर 220/120 पर्यंतचा दाबही डॉक्टर सहसा लगेच उतरवत नाहीत. इंजेक्शन द्यायचं असेल तर तो आधी 185/110 च्या खाली आणतात. घरी जिभेखाली दाबाची गोळी ठेवणं याच कारणाने चूक.

कानांचं तर थोडक्यात सांगता येईल. तोंड वाकडं होतं ते चेहऱ्याच्या स्नायूंना मेंदूकडून आज्ञा मिळेनाशी होते म्हणून. कानाच्या पाळीचा त्याच्याशी काही संबंध नाही.

‘पूर्ववत झाल्यावर न्या’ या वाक्याची किंमत मात्र फार मोठी आहे. मोठी धमनी बंद असताना दर मिनिटाला सरासरी 19 लाख चेतापेशी मरतात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. त्याआधी सीटी स्कॅन हवाच, कारण गुठळी की रक्तस्राव हे लक्षणांवरून ओळखता येत नाही आणि रक्तस्रावात हे औषध जीव घेऊ शकतं. ताजं रक्त सीटीत लगेच पांढरं दिसतं. गुठळीच्या पक्षाघातात सुरुवातीचा सीटी अगदी साधा दिसू शकतो. तेवढ्यावरून ‘काही नाही’ म्हणून घरी परतू नये. मोठी धमनी बंद असेल तर कॅथेटर म्हणजे बारीक नळी घालून गुठळी बाहेर काढतात, तेही शक्यतो सहा तासांत. 2018 पासून निवडक रुग्णांत तपासणीत वाचवण्याजोगा मेंदू दिसला तर 24 तासांपर्यंतही. पण उशीर वाढेल तसा फायदा घटतो, म्हणून साडेचार तास ही सवलत समजू नये.

‘पण सुई टोचल्यावर आमच्याकडचा माणूस उठून बसला’ असं सांगणारे खोटं बोलत नाहीत. कधी गुठळी आपोआप विरघळते आणि लक्षणं तासाभराच्या आत जातात. याला अल्पकालीन झटका म्हणतात; सुई टोचली काय, न टोचली काय, तो ओसरणारच होता. मोठ्या झटक्याचा धोका पुढच्या 48 तासांत सर्वाधिक असतो, त्यामुळे बरं वाटलं तरी त्याच दिवशी तपासणी हवी. फिट येऊन गेल्यावर किंवा साखर घसरल्यावरही हुबेहूब अशीच लक्षणं दिसू शकतात. बोटाला एकदाच टोचायचं असेल तर ते ग्लुकोमीटरवर साखर पाहण्यासाठी, आणि तेही रुग्णवाहिका बोलावून झाल्यावर.

ओळखायचं कसं? हसायला सांगा, तोंडाची एक बाजू ओघळते का पाहा. दोन्ही हात समोर धरायला सांगा, एक खाली घसरतो का पाहा. साधं वाक्य म्हणायला लावा. एकाएकी तोल जाणं, एका डोळ्याने किंवा एका बाजूचं दिसेनासं होणं हीसुद्धा लक्षणंच. यातलं एकही दिसलं तरी रुग्णवाहिका बोलवायला पुरे.

पाणी, साखर, गोळी, काहीही तोंडात घालू नका. गिळण्याचे स्नायू लुळे पडले असतील तर ते श्वासनलिकेत जातं. अ‍ॅस्पिरिनही नको, ते सीटीत रक्तस्राव नाही हे दिसल्यावरच. उलटी होत असेल किंवा रुग्ण गुंगीत असेल तर कुशीवर वळवा. चोवीस तास सीटी चालू असलेल्या रुग्णालयातच न्या. तिथे पहिला प्रश्न येतो, ‘शेवटचं धडधाकट कधी पाहिलं होतं?’ झोपेतून उठतानाच लक्षणं दिसली असतील तर झोपायला गेल्याची वेळ सांगा. चालू औषधांच्या गोळ्या पाकिटांसकट बरोबर घ्या, आणि रक्त पातळ करणारी गोळी असेल तर शेवटची कधी घेतली तेही सांगा, कारण त्यावर इंजेक्शन द्यायचं की नाही हे ठरतं.