“लायसन्स नको, कागद नको, टेन्शन नको”: जुन्या इलेक्ट्रिक बाईकच्या फॉरवर्डला उत्तर

ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. “नवशिक्यांनो, ऑफिसला जायला जुनी इलेक्ट्रिक बाईक घ्या, बिनधास्त,” असं वर लिहिलंय आणि खाली सहा मुद्दे. लायसन्स लागत नाही. किलोमीटर कमी असले की बॅटरी नव्यासारखीच. मेंटेनन्स शून्य. पावसापाण्याची भीती नाही. चार्जिंग कुठल्याही प्लगवर होतं. आणि आरसी नावावर करायची घाई नको, स्टॅम्पपेपर पुरतो.

हा मेसेज माझ्या भाचीपर्यंत पोचला. ती महाप्याला नोकरीला लागली आहे, दुचाकी अजून शिकते आहे, आणि याच्याच भरवशावर एका विक्रेत्याला टोकन द्यायला निघाली होती. म्हणून हे एकदाच सविस्तर लिहितो. जुनी इलेक्ट्रिक घेऊच नका असं माझं म्हणणं नाही. नीट पारखून घेतली तर ठाणे-बेलापूर रोडवरच्या रोजच्या जाण्यायेण्याला ती उत्तम आहे. पण मेसेजमध्ये जे सांगितलंय, त्याने माणूस पैशालाही बुडेल आणि जिवालाही मुकेल.

“लायसन्स लागत नाही.” यात अर्धं सत्य आहे, तेवढं आधी मान्य करतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे मोटरची शक्ती २५० वॉटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असलेली, तशी प्रमाणित झालेली बॅटरीवरची हलकी दुचाकी ‘मोटार वाहन’ धरली जात नाही. तिला लायसन्स नाही, नोंदणी नाही, विमाही सक्तीचा नाही. सूट फक्त तिला. बाकी प्रत्येक इलेक्ट्रिक दुचाकीला, मग ती स्कूटर असो की रिव्होल्टसारखी मोटारसायकल, लायसन्स, आरसी, विमा आणि पांढऱ्या अक्षरांची हिरवी नंबरप्लेट लागते. लायसन्सशिवाय चालवली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८१ खाली ५,००० रुपये दंड, आणि ज्याने चालवायला दिली त्याला कलम १८० खाली तेवढाच.

खरा धोका वेगळाच आहे. ‘बिनलायसन्सची’ म्हणून जुन्या बाजारात येणाऱ्या अनेक गाड्या ‘अनलॉक’ केलेल्या असतात. मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणाऱ्या कंट्रोलरजवळ वेगमर्यादेच्या बारीक वायरचा एक कनेक्टर असतो. त्यात फेरफार केला की पंचविसाची गाडी चाळीसच्या पुढे पळते. विक्रेता हे कौतुकाने सांगतो. त्या क्षणी गाडी सवलतीतून बाहेर पडते आणि नोंदणी नसलेलं, विमा नसलेलं मोटार वाहन होते. कुणाला धडक बसली तर नुकसानभरपाईचा सगळा बोजा चालवणाऱ्यावर आणि मालकावर येतो, मागे विमा कंपनी उभी नसते. शिवाय तिचे छोटे ड्रमब्रेक, बारीक टायर आणि कंट्रोलर हे सगळं पंचविसाच्या हिशोबाने बसवलेलं असतं. आणि अनलॉक न करता खरोखर पंचविसाने जाणारी गाडी घेतली, तर ती ठाणे-बेलापूर रोडवर ट्रेलर आणि कंपन्यांच्या बसगाड्यांमध्ये चालवायची का, याचा विचार करा. सेक्टरमधल्या सेक्टरमध्ये, स्टेशनपर्यंत जायला ती ठीक आहे. कासारवडवलीहून महापे गाठायला नाही.

शिकाऊ चालकाने करायचं ते साधं आहे. सारथी पोर्टलवर शिकाऊ लायसन्स काढा. ते सहा महिने चालतं आणि तीस दिवसांनंतर पक्क्या लायसन्सची चाचणी देता येते. गिअर नसलेल्या इलेक्ट्रिकला विनागिअर दुचाकीचा वर्ग पुरतो. पुढे-मागे पांढऱ्यावर लाल ‘एल’ लावा. मागे बसवायचं तर फक्त लायसन्सधारक शिकवणाऱ्याला, मैत्रिणीला नाही. क्लच-गिअर नाही म्हणून शिकायला सोपी, हेही खरं, पण इलेक्ट्रिक मोटर शून्यापासून पूर्ण जोर देते आणि आवाज करत नाही. नवशिक्या माणूस गाडी चालू असताना हँडल धरून ती ढकलायला जातो, मूठ पिळली जाते आणि गाडी समोरच्या भिंतीवर जाते. सुरुवातीचे दिवस इको मोडमध्येच चालवा, आणि गाडी हाताने हलवताना चावी बंद.

“किलोमीटर कमी म्हणजे बॅटरी नव्यासारखीच.” सगळ्यात चुकीचा आणि सगळ्यात महाग पडणारा मुद्दा हाच. पेट्रोल गाडीची अक्कल इथे जशीच्या तशी लावली आहे. लिथियम बॅटरी चालवल्याने झिजते, तशी नुसती पडून राहूनही झिजते. त्यातही वाईट म्हणजे रिकामी पडून राहणं. गाडी बंद असली तरी बीएमएस, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट, थोडा थोडा करंट खात राहतं. दहा टक्क्यांवर सोडलेली गाडी चार-सहा महिन्यांत सेलच्या सुरक्षित मर्यादेच्या खाली जाऊ शकते. तसं झालं की सेलच्या आतला तांब्याचा पातळ पत्रा विरघळू लागतो, आणि पुन्हा चार्ज केल्यावर ते तांबं नको तिथे साचून आतल्या आत शॉर्ट होण्याची शक्यता तयार होते. म्हणून “तीन वर्षांत फक्त ३,००० किलोमीटर, घरीच उभी होती” असं ऐकलं की खूश होऊ नका. कुठे उभी होती आणि किती चार्जवर, हे विचारा. रोज चाललेली, रोज चार्ज झालेली १८,००० किलोमीटरची गाडी कित्येकदा तिच्यापेक्षा चांगली निघते.

आकड्यावर भरवसा ठेवायचा तर तो आकडाही खरा हवा. मीटरचा डिस्प्ले बदलला की काही गाड्यांत किलोमीटर शून्यापासून सुरू होतात. टायरच्या कडेला चार अंकी तारीख असते. ‘२३२१’ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. गाडी २०२१ ची, मीटरवर ४,००० आणि टायर २०२४ चे, तर काहीतरी लपवलं जातंय.

आता बॅटरी कशी मोजायची ते. डिस्प्लेवरचे १०० टक्के बघून काही कळत नाही, कारण ते ‘आत्ता जेवढी क्षमता उरली आहे’ तिचे १०० टक्के असतात. निम्मी मेलेली बॅटरीही १०० दाखवते. त्यासाठी प्लगमध्ये लावायचं छोटं वीजमीटर घ्या, ऑनलाइन सहज मिळतं. विक्रेत्याला आधीच सांगा की गाडी १० टक्क्यांच्या आसपास ठेवा. “तुमच्यासाठी फुल चार्ज करून ठेवली” म्हणाला तर दुसऱ्या दिवशी या. बॅटरी तासभर थंड होऊ द्या. मूळ चार्जर मीटरमधून लावा आणि चार्जर आपोआप बंद होईपर्यंत काढू नका, कारण शेवटच्या टप्प्यात सेल समतोल होतात.

समजा गाडीची बॅटरी ३.२४ किलोवॅट-अवरची, म्हणजे ३.२४ युनिटची आहे (रिव्होल्ट आरव्ही ४०० ची एवढी असते). १० ते १०० टक्के म्हणजे नव्या बॅटरीत साधारण २.९ युनिट भरतील. चार्जरमध्ये दहा-पंधरा टक्के वाया जातात, म्हणजे मीटरवर सव्वातीन-साडेतीनच्या दरम्यान आकडा यायला हवा. तिथे २.२ आला, तर बॅटरीत जेमतेम १.९ गेले. म्हणजे मूळ क्षमतेच्या ६५-६६ टक्केच उरली आहे. हा हिशोब कागदावर लिहून विक्रेत्यासमोर ठेवा.

दुसरी परीक्षा चार्ज वीसेक टक्क्यांवर असताना. लायसन्स असलेल्या, सराईत माणसाला चालवायला सांगा आणि मागे एकाला बसवून चढावर न्या. माजिवड्याचा उड्डाणपूल किंवा बेलापूरची पारसिक हिल चालेल. चढावर टक्के २२ वरून एकदम ९ झाले आणि वर थांबल्यावर पुन्हा १८ दिसले, तर बॅटरीतल्या सेलचा एखादा गट कमजोर आहे. बीएमएस सगळ्यात कमजोर गटाकडे बघून गाडी बंद करतं, बाकीचे गट कितीही धडधाकट असोत. अशी गाडी कळव्याच्या पुलावर ऐन गर्दीत बंद पडते.

तिसरी गोष्ट आरसीवरच बघायची: उत्पादनाचा महिना. २०२२ मध्ये इलेक्ट्रिक दुचाकींना लागलेल्या आगींनंतर केंद्राने एआयएस-१५६ या बॅटरी-सुरक्षा मानकात मोठी दुरुस्ती केली आणि ती दोन टप्प्यांत, १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ पासून, लागू केली. सेल एकमेकांना पेटवत जाऊ नयेत याची चाचणी, जादा तापमान-सेन्सर, धोक्याची सूचना, चार्जर आणि बीएमएस यांचा आपसातला संवाद, हे सगळं तिने सक्तीचं केलं. मला विचाराल तर नवशिक्याने एप्रिल २०२३ नंतर बनलेलीच गाडी घ्यावी. दहा-पंधरा हजार जास्त गेले तरी हरकत नाही.

“मेंटेनन्स शून्य.” ऑइल नाही, स्पार्क प्लग नाही, क्लचप्लेट नाही, हे बरोबर. ब्रेक पॅड, टायर, बेल्ट किंवा चेन, चाकांचे बेअरिंग, कोनसेट आणि चार्जर आहेतच. विजेचा फायदाही खरा आहे. रोज ४० किलोमीटरला दीड-पावणेदोन युनिट, म्हणजे युनिटला १० रुपये धरले तरी सोळा-सतरा रुपये. त्याच अंतराला पेट्रोल स्कूटर नव्वदच्या आसपास खाते. महिन्याला १,८००-१,९०० वाचतात. पण वॉरंटी संपलेली बॅटरी बदलायला पन्नास हजार लागले, तर दोन वर्षांहून जास्त काळाची बचत एका दिवसात गेली. म्हणून बॅटरीची वॉरंटी किती उरली आहे आणि ती दुसऱ्या मालकाच्या नावावर होते का, हे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडून लेखी घ्या. विक्रेत्याचा शब्द पुरेसा नाही.

“आयपी ६७ आहे, पाण्यातून बिनधास्त न्या.” पावसात चालवल्याने शॉक बसत नाही, इथवर ठीक. आयपी ६७ हे धूळ-पाण्यापासूनच्या बचावाचं रेटिंग, म्हणजे एक मीटर स्वच्छ, स्थिर पाण्यात तीस मिनिटं टिकणं. ही परीक्षा नव्या पॅकची असते, चार पावसाळे खाल्लेल्या रबरी सीलची नाही. आणि रेटिंग बॅटरीचं असलं तरी कनेक्टर, कंट्रोलर, हब मोटर यांचं वेगळं असू शकतं. विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी साचलं की थांबा. विकत घेताना बॅटरीच्या कनेक्टरच्या पिना टॉर्च लावून बघा. हिरवट थर किंवा काळपट जळका डाग दिसला तर आत पाणी गेलंय किंवा जोड सैल राहून तापलाय.

“कुठल्याही प्लगवर चार्ज होते.” चार्जर सहसा फक्त ७००-९०० वॉट खातो, त्यामुळे वायरिंगवर फार ताण नाही. पण सलग चार-पाच तास सैल सॉकेट किंवा स्वस्त एक्स्टेन्शन बोर्ड तापतो आणि वितळतो. १६ अँपिअरचा घट्ट सॉकेट, चालू अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) एवढं हवंच. जिन्यात किंवा फ्लॅटच्या दाराशी बॅटरी चार्ज करू नका. सप्टेंबर २०२२ मध्ये सिकंदराबादला ई-बाईक शोरूमची आग वरच्या लॉजपर्यंत गेली आणि आठ माणसं दगावली, ती धुराचा लोट जिन्याने वर चढल्यामुळे. आणि जुन्या गाडीसोबत मूळ चार्जर नसेल तर बाजारातला ‘७२ व्होल्ट’ लिहिलेला कुठलाही उचलू नका. लिथियम बॅटरीचे एनएमसी आणि एलएफपी असे दोन प्रकार असतात. वीस सेलच्या एनएमसी बॅटरीचा चार्जर ८४ व्होल्टला थांबतो, चोवीस सेलच्या एलएफपीचा ८७.६ ला. नाव एकच, आणि पहिल्या बॅटरीला दुसरा लावला तर बिचारं बीएमएस एकटं तुमच्यात आणि आगीत उभं असतं.

“आरसी नंतर बघू, स्टॅम्पपेपर पुरतो.” नाही पुरत. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे की गाडी हातोहात कितीही वेळा विकली गेली तरी कायद्याच्या लेखी मालक तोच, ज्याचं नाव नोंदणीत आहे. त्यामुळे स्टॅम्पपेपरवर विकणारा स्वतःही अडकतो, हे त्याला सांगा, म्हणजे तो कागदांना तयार होईल. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या, गाडीवर कर्ज असेल तर कर्जाची नोंद काढायचा फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी. ठाण्याचा एमएच-०४ आणि नवी मुंबईचा एमएच-४३, कुठल्याही आरटीओची गाडी असली तरी विक्रेत्याने कळवायची मुदत राज्यातल्या राज्यात १४ दिवस आणि तुमची ३० दिवस. विमाही त्याच १४ दिवसांत नावावर करायला टाका, नाहीतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकतो. एमपरिवहन या सरकारी ॲपवर नंबर टाकून मालक, कर्ज आणि विम्याची तारीख आधीच बघून घ्या, आणि चासी व मोटर नंबर गाडीवर बोट ठेवून आरसीशी जुळवा. जुन्या मालकाच्या मोबाइल ॲपमधून गाडी तुमच्यासमोर काढून टाकायला लावा. कित्येक मॉडेलमध्ये त्या ॲपवरून गाडी कुठे आहे ते दिसतं, काहींत लॉकही करता येते. टोकन चार-पाच हजारांच्या वर देऊ नका. बॅटरीची चाचणी पास झाली आणि सह्या झाल्या की मोठी रक्कम बँकेतून द्या, आणि शेवटचे दहा हजार आरसीवर तुमचं नाव दिसेपर्यंत हातात ठेवा.