काकांनी विमान उडवलं

काल दुपारी पावणेपाचला अकाउंट्समधल्या काकांनी अख्ख्या ऑफिसला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, की व्हॉट्सॲप त्यांनी दुरुस्त केलं. नेटवर्क सांभाळणारा मी तेव्हा त्यांच्याच खुर्चीमागे उभा होतो. हातात चहा होता, तोही गार.

फर्मान एका ओळीचं होतं. वाय-फायवर सगळ्यांचं व्हॉट्सॲप बंद, फक्त काकांचं चालू, कारण भोसरीतले सप्लायर बिलांचे फोटो तिथेच टाकतात. एका ओळीचं काम म्हणे. संध्याकाळी सहाला नळस्टॉपहून डेक्कनला जाणं हेही एका ओळीचंच काम आहे.

पूर्वी एखादं पोर्ट, म्हणजे नेटच्या वाहतुकीचं नंबर दिलेलं दार, बंद केलं की भागायचं. आता व्हॉट्सॲपचं ५२२२ बंद केलंत तर व्हॉट्सॲप मुकाट ४४३ वरून जातं, आणि ४४३ बंद करावं तर बँकेपासून जीएसटीपर्यंत सगळंच बंद. म्हणून फायरवॉलमधलं, म्हणजे ऑफिसच्या नेटची ये-जा तपासणाऱ्या खोक्यातलं, ॲप्लिकेशन कंट्रोल पोर्टावर विसंबत नाही, ॲपची चाल बघतं. मजकूर तर वाचता येत नाही, २०१६ पासून तो पूर्ण एन्क्रिप्टेड आहे. पण सुरुवातीच्या चार-दोन पॅकेटांवरून, म्हणजे डेटाच्या तुकड्यांवरून, ओळख पटते. लग्नात पाठमोरा माणूस नुसता चालताना बघून आमची आत्या 'हा सदाशिव पेठेतल्यांचा धाकटा' म्हणते ना, तसंच.

गोम अशी, की ओळख पटेपर्यंत ती पॅकेटं आत सोडावीच लागतात. त्यामुळे ॲपला वाटतं जमतंय, आणि ते 'कनेक्टिंग' म्हणत गरगरत बसतं. ब्राउझरला निदान 'हे बंद आहे' असं पान दाखवता येतं, ॲपला तेही नाही. पुण्यातली सगळ्यात खडूस पाटीसुद्धा नकार लेखी देते हो! एवढ्या महागाच्या खोक्याला तेवढंही सौजन्य नसावं?

तर मी काकांसाठी सवलतीचा रूल केला आणि त्यांच्या टेबलापाशी गेलो.

"घड्याळ आलंय," काका म्हणाले.

"म्हणजे मेसेज अजून फोनमधून निघाला नाही. एक टिक आली की सर्व्हरला पोचला समजायचं."

"ते कळतं मला. पण घड्याळात वेळ चुकीची आहे."

"काका, ते चित्र आहे."

"मग चित्र तरी बरोबर काढायचं."

तेवढ्यात फोन टुण्ण वाजला. काकांनी विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिलं. "हे बघा! भोसरीवाल्याचा मेसेज आलाय. येतंय सगळं, तुम्ही मध्येच अडवून धरलंय." चीड याची आली, की ते अक्षरशः खरं होतं. अँड्रॉइडवर सूचनेची घंटा गूगलच्या वाटेने येते, पोर्ट ५२२८. ती मी अडवली नव्हती. मेसेज व्हॉट्सॲपच्या वाटेने येतो. दारावरची बेल वाजते, पण कडी निघत नाही, असा प्रकार.

"रेंजचा प्रॉब्लेम असणार," म्हणून काका उठले, खिडकी उघडली आणि टेकडीच्या दिशेने हात लांब करून उभे राहिले, संक्रांतीला पतंगाला ढील द्यावी तसे. अर्ध्या मिनिटात ओरडले, "गेला! दोन टिका!" गेला होता खरा, पण मोबाइल डेटावरून. खिडकीशी वाय-फाय क्षीण, फोनने गुपचूप वाट बदलली. या तपासणीची पहिली पायरीच ही, की मोबाइल डेटा आधी बंद करायचा, नाहीतर निदान सगळं खोटं. मी तो बंद केला, तेव्हा काकांनी पाकीट काढून घेतल्यासारखं माझ्याकडे बघितलं. "दीड जीबी रोज मिळतं. वाया जातंय ते."

यानंतर जे करायला हवं होतं ते मी उशिरा केलं: लॉग, म्हणजे फायरवॉलची नोंदवही, उघडला. अंदाजाने रूल हलवत बसण्यापेक्षा लॉगमध्ये फोनचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, टाकायचा आणि कोणत्या रूलने, कोणत्या नावाखाली अडवलं ते वाचायचं. काकांचा आयपी तिथे नव्हताच! मी 'अबाउट फोन'मधला मॅक, म्हणजे फोनच्या वाय-फायचा ओळख क्रमांक, घेऊन त्यावर आयपी राखून ठेवला होता. पण अँड्रॉइड १० पासून फोन वाय-फायला बनावट मॅक सांगतो. मॅकचं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई दिसलं की समजावं, सोंग आहे. त्या नेटवर्कच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये 'डिव्हाइस मॅक' निवडायचा, मग वाय-फाय पुन्हा जोडायचं.

"म्हणजे माझा फोन खोटं बोलतो?"

"तुमच्या सुरक्षिततेसाठी."

"ऑडिटरला असंच सांगू का मी?"

आयपी जुळला, तरी अडकलंच. का, तर माझा सवलतीचा रूल बंदीच्या रूलखाली होता, आणि फायरवॉल वरून खाली वाचत पहिला लागू पडेल तिथे थांबते. ही चूक माझीच. काकांना सांगितली नाही.

रूल वर नेला आणि मजकूर जाऊ लागला. फोटो मात्र धूसर चौकोन होऊन पडून राहिले. याला दोन कारणं असतात, इथे दोन्ही होती. एक, पुष्कळ फायरवॉलमध्ये व्हॉट्सॲपचा मजकूर, फाइल आणि कॉल यांची स्वतंत्र नावं असतात; मी पहिल्यालाच सोडलं होतं. दुसरं, फोटो एचटीटीपीएसवरून, म्हणजे कुलूपबंद वाटेने, येतात. आमची फायरवॉल तो प्रवाह उघडून आपलं सर्टिफिकेट, म्हणजे ओळखपत्र, लावून पुढे पाठवते, आणि ॲप ते मानत नाही. मानू नयेच. तेव्हा व्हॉट्सॲप डॉट नेट आणि त्याखालची सगळी नावं त्या तपासणीतून वगळायची. ही कुलूप उघडून बघणारी एसएसएल तपासणी बिनदिक्कत सगळ्यांना लावणाऱ्यांना महिनाभर फोटो न उघडणारा फोन द्यावा, असं माझं मत आहे. आमच्याकडे ती मीच लावली होती, हे अलाहिदा.

आता फक्त जुनी सेशन मोडायची होती. रूल बदलला तरी आधी जुळलेलं कनेक्शन कित्येकदा जुन्याच निकालावर चालत राहतं. मी ती शोधायला लॅपटॉपवर वाकलो, आणि मागून आवाज आला, "मी सकाळपासून काय म्हणतोय? विमान करून बघा." काकांनी एरोप्लेन मोड दाबला, दहा आकडे मोजले, परत दाबला. कनेक्शन तुटलं, नवं जुळलं, नव्या रूलखाली आलं. फोटो धडाधड उतरले.

शास्त्र म्हणून ते शंभर टक्के बरोबर आहे, हेच तर दुःख आहे. सकाळी अकराला केलं असतं तर काही उपयोग नव्हता, पण हे आता कोणाला सांगू? दोन टेबलांपलीकडून टाळ्या वाजल्या. मालकांनी काकांना विचारलं, "तुम्हाला हे कुठून येतं हो?"

मी लॅपटॉप मिटला. काका चष्मा कपाळावर चढवून पहिलं बिल निरखत होते.

"अहो साहेब, जरा बघा. आकडे पुसट आलेत. हे तुमच्या फायरवॉलनेच खाल्ले ना?"

"फोटो पाठवताना व्हॉट्सॲप तो दाबून लहान करतं, काका. त्यांना सांगा, डॉक्युमेंट म्हणून पाठवा."

काकांनी थोडा विचार केला आणि पुन्हा विमान दाबलं.