यमराज तीन दिवस चावडीवर बसला होता

आज सकाळी आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक निवेदन आले. देव, धर्म, संत आणि धर्मग्रंथ यांची निंदा करणाऱ्याला किमान दहा वर्षे सक्तमजुरी आणि कमाल जन्मठेप देणारा कायदा महाराष्ट्रातही करावा, अशी त्यात मागणी होती आणि खाली आपले नाव जोडून ते पुढे पाठवायचे होते. मी चहा घेऊन बसेपर्यंत एकवीस नावे झाली होती. त्यांत माझ्या सख्ख्या चुलतभावाचे नाव होते, माझ्या भाच्याचे होते आणि ज्यांनी अण्णांच्या हाताखाली बाराखडी गिरवली अशा तिघांचीही होती. दुपारपर्यंत मी गप्प राहिले. आता राहवत नाही म्हणून लिहिते आहे.

अण्णा म्हणजे माझे वडील. सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात ते शिक्षक होते आणि दर वर्षी स्नेहसंमेलनासाठी मुलांना एक छोटा वग लिहून देत असत. १९९३ च्या जानेवारीत त्यांनी लिहिलेल्या वगात यमराज आणि चित्रगुप्त गावातल्या एका कंजूष सावकाराला न्यायला येतात. पण सातबाऱ्यावर त्याचे नाव चुकीचे लागलेले असल्यामुळे चित्रगुप्ताच्या वहीत तो सापडत नाही, आणि तलाठी भेटेपर्यंत यमराजाला तीन दिवस चावडीवर बसून राहावे लागते. सातवीतला एक मुलगा यमराज झाला होता. बाकावर काळे घोंगडे टाकून त्याचा रेडा केला होता. माणसे हसून हसून बेजार झाली, आई तर पदराने डोळे पुसत होती. चौथ्या दिवशी तालुक्याच्या पोलीस ठाण्यात अर्ज गेला की गुरुजींनी देवतांची विटंबना केली आणि त्यामुळे समस्त गावाच्या भावना दुखावल्या. समस्त गाव म्हणजे अर्जावर सही करणारे पाच तरुण होते, आणि त्यांतला एक अण्णांचा विद्यार्थी होता.

ही गोष्ट मी याआधी कधी लिहिलेली नाही. आज लिहिते आहे, कारण निवेदनावर सह्या करणाऱ्यांपैकी कोणालाच असा कायदा आपल्या घरात शिरेल असे वाटत नाही. तो नेहमी दुसऱ्या कोणासाठी हवा असतो.

आणि मुळात तो आपल्याकडे आहेच. भारतीय दंड संहितेचे कलम २९५ अ हे १९२७ सालचे. लाहोरच्या एका प्रकाशकाने प्रेषित मुहम्मदांच्या खासगी जीवनावर एक पुस्तिका छापली, तेव्हाच्या कायद्यात हा गुन्हा बसत नाही म्हणून तेथील उच्च न्यायालयाने त्याला सोडून दिले, लोक खवळले, आणि त्यांना शांत करण्यासाठी इंग्रज सरकारने हे कलम घाईने आणले. त्या वेळी मध्यवर्ती कायदेमंडळात बोलताना जीनांनीच बजावले होते की इतिहासाचे संशोधन करणारे, सत्याचा शोध घेणारे आणि धर्माची प्रामाणिक चिकित्सा करणारे यांना संरक्षण मिळालेच पाहिजे. कलम आले आणि लोक शांत झाले का? १९२९ च्या एप्रिलमध्ये त्याच प्रकाशकाला त्याच्या दुकानात भोसकून मारण्यात आले. ज्याच्यासाठी कायदा केला तो पहिलाच माणूस कायदा असताना मेला, एवढे तरी या निवेदनाच्या लेखकांनी वाचायला हवे होते.

१९२७ हे साल आपल्याला का पाठ आहे, हे माझ्या मित्रमंडळींना सांगण्याची गरज नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये महाडला चवदार तळ्याचे पाणी प्यायले गेले आणि २५ डिसेंबरला त्याच महाडला मनुस्मृती जाळली गेली. जोतीराव, लोकहितवादी आणि आगरकर तर हे कलम येण्यापूर्वीच जाऊन तीन दशके उलटली होती. त्यांना शिव्या मिळाल्या, बहिष्कार मिळाला, आगरकरांना जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा पाहावी लागली. पण त्यांचा एखादा परिच्छेद घेऊन पाच जणांनी ठाण्यात जायचे आणि २९५ अ लावून घ्यायचे, ही सोय त्यांच्या विरोधकांकडे नव्हती. असती, तर आज आपण ज्यांची नावे घेऊन भाषणे करतो, त्यांच्या किती पानांवर माफीनामे चिकटले असते याचा विचार करा.

अण्णांना महिन्याभरात तीन वेळा ठाण्यात बोलावले. ते किरकोळ रजा टाकून सकाळच्या एसटीने जात आणि संध्याकाळच्या एसटीने परत येत. मधला सगळा वेळ बाकावर बसून राहायचे, एवढेच काम असे. जबाब घेणारे हवालदार स्वतः वारकरी होते, त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ होती. अण्णांनी त्यांना विचारले की जनाबाई विठ्ठलाला ‘विठ्या’ म्हणून शिव्या घालते, ते तुम्ही भजनात म्हणता ना, मग माझा यमराज तीन दिवस चावडीवर बसला तर कोणाचे काय बिघडले? हवालदार म्हणाले, “गुरुजी, तुमचं पटतंय मला. पण दोनशे पंच्याण्णव अ लागतंय म्हणतात, अन् ते लागलं तर नोकरीचं अवघड हाय. लिहून द्या अन् मोकळे व्हा.” अण्णांनी हे घरी येऊन जसेच्या तसे सांगितले होते. मी तेव्हा बी. एड. करत होते आणि मला त्या हवालदारांचा राग आला नाही, अजूनही येत नाही.

आता मला माहीत आहे की कोणी वकील मित्र खाली लिहील, “अहो, गुन्हा तर दाखलच झाला नाही, मग कायद्याला दोष कसा देता?” बरोबर आहे, गुन्हा दाखल झाला नाही. ‘जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने’ केलेल्या अपमानालाच हे कलम लागते, निष्काळजीपणे झालेल्या अपमानाला लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५७ सालीच सांगितले आहे, हेही मान्य. पण दुष्ट हेतू होता की नव्हता हे न्यायालय ठरवणार, आणि ते न्यायालय येते सगळ्यांत शेवटी. हा गुन्हा दखलपात्र आहे आणि अजामीनपात्र आहे. खटला चालवायला सरकारची पूर्वपरवानगी लागते, मात्र माणसाला उचलून आणायला ती लागत नाही. खेड्यातल्या शिक्षकाला १९५७ चा निकाल कोण वाचून दाखवणार होते? त्याला फक्त आकडा ऐकवला गेला आणि तेवढा आकडा पुरला.

हे लिहिताना माझा हात थरथरतो आहे, कारण पुढचे वाक्य मला लिहायचे नव्हते. अण्णांनी माफीनामा लिहून दिला. गावातल्या दोन पिढ्यांनी ज्यांच्या अक्षरावरून वळण घेतले, त्या अक्षरात त्यांनी लिहिले की कोणाच्याही धार्मिक भावना दुखावण्याचा माझा हेतू नव्हता, तरीही त्या दुखावल्या असल्यास मी क्षमा मागतो आणि यापुढे असे लेखन करणार नाही. कार्बन लावून केलेली त्याची प्रत माझ्याकडे आहे. त्यांनी शब्द पाळला. पुढच्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात देशभक्तीपर गीते झाली.

२०२३ साली जेव्हा संसदेत जुने फौजदारी कायदे बदलले गेले, तेव्हा मला खरोखर आशा वाटली होती. गुलामीच्या खुणा पुसून टाकायच्या आहेत असे सांगितले जात होते, आणि याच्याहून मोठी खूण दुसरी कोणती असेल? १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता लागू झाली, २९५ अ चे २९९ झाले, ‘इलेक्ट्रॉनिक माध्यमातून’ हे शब्द वाढले आणि बाकी सगळे तसेच राहिले. विरोधी पक्षांपैकी कोणी यावर सभागृह डोक्यावर घेतले असे मला आठवत नाही. पंजाबात तर २०१६ साली अकाली-भाजप सरकारने, २०१८ साली काँग्रेस सरकारने आणि जुलै २०२५ मध्ये आम आदमी पक्षाच्या सरकारने धर्मग्रंथांच्या विटंबनेला जन्मठेपेपर्यंत शिक्षा देणारी विधेयके मांडली. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष या एका बाबतीत एकाच वाटेने चालतात. हे कलम काढा असे म्हणणारा एकही मोठा पक्ष या देशात नाही, आणि आपण मात्र निवडणूक आली की त्यांच्यातल्याच कोणासाठी तरी एकमेकांशी भांडतो!

कठोर कायदा पुढे कुठे जातो हे पाहायला फार लांब जावे लागत नाही. फाळणीनंतर हेच कलम पाकिस्तानच्याही वाट्याला आले. १९८२ साली तिथे त्याला २९५ ब जोडले गेले, १९८६ साली २९५ क जोडले गेले आणि शिक्षा देहान्तापर्यंत पोचली. २००९ साली आसिया बीबी नावाच्या एका ख्रिस्ती शेतमजूर बाईने फळे तोडता तोडता पाणी आणले, आणि तिचा हात लागलेले पाणी आम्ही पिणार नाही असे सोबतच्या बायका म्हणाल्या, तिथून भांडण सुरू झाले. त्याचा शेवट ईशनिंदेच्या आरोपात आणि २०१० साली फाशीच्या शिक्षेत झाला. ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला निर्दोष सोडले. तिची बाजू घेऊन हा कायदा बदला असे म्हणणारे पंजाब प्रांताचे गव्हर्नर सलमान तासीर यांना ४ जानेवारी २०११ रोजी त्यांच्याच अंगरक्षकाने गोळ्या घातल्या, आणि न्यायालयात आणलेल्या त्या मारेकऱ्यावर वकिलांनी गुलाबाच्या पाकळ्या उधळल्या. दोनच महिन्यांत केंद्रीय मंत्री शाहबाज भट्टी यांचाही खून झाला. पाण्याच्या भांड्यावरून सुरू झालेली ही गोष्ट आहे. चवदार तळ्याच्या वारसांना तिचा अर्थ कळायला हवा.

ज्या इंग्रजांनी आपल्याला हे कलम दिले, त्यांनी स्वतःच्या देशातला, इंग्लंड आणि वेल्समधला ईशनिंदेचा गुन्हा २००८ साली रद्द केला. आयर्लंडने २०१८ साली सार्वमत घेऊन तो शब्दच राज्यघटनेतून काढून टाकला. डेन्मार्कने २०१७ साली कायदा रद्द केला आणि डिसेंबर २०२३ मध्ये कुराणाच्या प्रती जाळण्यावर बंदी घालणारा नवा कायदा केला, हेही खरे आहे आणि ते मला आवडलेले नाही.

माझ्या चुलतभावाने दुपारी फोन केला. त्याचे म्हणणे असे की कायदा नसेल तर लोक सुरे घेऊन रस्त्यावर उतरतील. मी त्याला २०२२ च्या जूनची आठवण करून दिली. अमरावतीच्या औषधविक्रेत्याचा आणि उदयपूरच्या शिंप्याचा गळा चिरला गेला, तेव्हा २९५ अ पुस्तकात होतेच. सुरा घेऊन येणाऱ्यासाठी खुनाचे कलम आहे, धमकी देणाऱ्यासाठी धमकीचे आहे आणि जमावाला चिथावणाऱ्यासाठी चिथावणीचे आहे. ती वापरायला कोणी हात धरला आहे? मग तो म्हणाला, “ताई, पण काही लोक मुद्दामच घाण लिहितात, आईसुद्धा एकदा रडली होती.” हो, रडली होती. कोणीतरी देवीचे एक किळसवाणे चित्र पाठवले होते आणि आईने दोन दिवस फोनला हात लावला नव्हता. त्या दुःखाला मी खोटे म्हणणार नाही. पण त्यासाठी कोणाला तरी तुरुंगात टाका, असे आई म्हणाली नव्हती. तिने देवघरात जाऊन दिवा लावला होता.

आणि हे एकाच धर्माचे दुखणे आहे असे समजून या पोस्टखाली टाळ्या वाजवायला येणाऱ्यांनी २०१२ सालचे मुंबईतले प्रकरण आठवावे. विलेपार्ल्याच्या इर्ला भागात क्रूसावरील येशूच्या मूर्तीच्या पायांतून पाणी ठिबकू लागले आणि भाविक ते तीर्थ म्हणून घेऊ लागले. अंधश्रद्धांविरुद्ध काम करणारे विवेकवादी सनल एडामरुकू यांनी तिथे जाऊन दाखवले की जवळच्या तुंबलेल्या गटाराचे पाणी केशाकर्षणाने भिंतीत चढून तिथे येते आहे. आठवीच्या विज्ञानाच्या पुस्तकातली गोष्ट! त्यांच्यावर २९५ अ खाली तक्रारी झाल्या आणि त्याच वर्षी ते फिनलंडला गेले. गटाराचे पाणी पिऊ नका असे सांगणाऱ्या माणसाला देश सोडावा लागला.

माझा राग थोडा उतरला आहे. ज्या पाच जणांनी अर्ज दिला होता ते तेव्हा विशी-बाविशीचे होते, आणि डिसेंबर १९९२ नंतरचे ते दिवस कसे होते हे आपल्याला ठाऊक आहे. पोलीसही धास्तावलेले असणार. अण्णांनी त्या मुलांबद्दल कधी वाईट शब्द काढला नाही. त्यांना एकाच गोष्टीचे दुःख होते. यमराज झालेला तो सातवीतला मुलगा दुसऱ्या दिवशी वर्गाबाहेर उभा राहिला होता आणि त्याने विचारले होते, “गुरुजी, मला पण ठाण्यात यावं लागंल का?”

२००९ साली अण्णा गेले. दहाव्याला नदीवर त्या पाचांतला एक, त्यांचा विद्यार्थी, आला होता. सगळे उठून गेल्यावर तो माझ्याजवळ आला आणि बराच वेळ उभा राहून त्याने विचारले की गुरुजींनी नंतर काही लिहिले का. मी नाही म्हटले. तो मान खाली घालून गेला. आजच्या निवेदनावर त्याचे नाव नाही, हे मी दोनदा वर-खाली करून पाहिले.

भाच्याला मी अण्णांच्या माफीनाम्याचा फोटो पाठवला आहे. त्याला अण्णा आजोबा म्हणूनच माहीत होते, हा कागद त्याने कधी पाहिला नव्हता. निळ्या खुणा दिसत आहेत, म्हणजे त्याने वाचले आहे. अजून उत्तर आलेले नाही.